सांताक्रूझ ते सहार

बहरीन ते मुंबई विमानाला साडेतीन तास लागतात, हे आमच्या वटारच्या आळीत ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलं होतं त्यांनाही पाठ होतं. पाठ करून घेतलं होतं इनासकाकांनी. इनासकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बाबा बहरीनला एका कंपनीत एसी दुरुस्तीच्या कामाला लागले, तेव्हापासून काका हा आकडा जो भेटेल त्याला ऐकवायचे. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर, केळीच्या लोंगरांचा भाव ठरवताना, मयताला आलेल्या माणसांतसुद्धा. आईला तर ते वरचेवर सांगायचे. "साडेतीन तास गं! आपल्या फुलांच्या पाट्या दादरला पोचायला जवळजवळ तेवढेच लागतात. मग लांब कुठे आहे तो?" आई मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यावर पसरत असायची. मान वर न करता म्हणायची, "दादरला गेलेला माणूस दुपारी जेवायला घरी असतो, भाऊजी." काका हसायचे. त्यांना वाटायचं, ती गंमत करते आहे.

घर एकच होतं, मधोमध भिंत. एका बाजूला काका, काकी आणि त्यांचा मुलगा विल्सन, दुसऱ्या बाजूला आई आणि मी. माझ्याआधीची दोन मुलं जगली नव्हती, त्यामुळे आमच्या बाजूला आवाज असा कमीच. पहाटे पंपाची धडधड, मग पाटातून पाणी सुटल्याचा आवाज, मग आईचं खोकणं. ती पाणी सोडायला अनवाणी जायची आणि पायाला चिखल तसाच ठेवून चहा टाकायची. बाबांसाठी दर वर्षी सुकेळी करणं हा तिचा सण होता. राजेळी केळी पिकवून, सोलून, कडक उन्हात सुकवायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, परत सकाळी पसरायची. तांबूस, चिकट, मधासारख्या वासाची ती केळी सुक्या पानात घट्ट बांधून ती बाबांच्या बॅगेच्या तळाशी घालायची. मला त्यातली तुटकी मिळायची. आजही बाजारात कुणी सुकेळी घेऊन बसलं की मी रस्ता बदलते. चव आवडत नाही असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

बाबांना पोचवायला विमानतळावर जाणं म्हणजे आळीचा कार्यक्रम असे. राजोडीचा धर्मा फुलांचा टेम्पो चालवायचा. त्याच्या टेम्पोत मागे सतरंजी घालून बायका, मुलं, शेजारी असे सगळे बसायचे. वळणावरच्या क्रुसाला हात लावून बाबा पुढे चढायचे आणि त्यांच्या शेजारी काका. सांताक्रूझच्या विमानतळाची काकांना खडान्‌खडा माहिती होती. नळ कुठे, चहावाला कुठे, कुठल्या कठड्याशी उभं राहिलं की माणूस आत जाताना शेवटपर्यंत दिसतो. ते आम्हांला रांगेत उभे करायचे, हवालदारालाही दोन गोष्टी सांगायचे. परत येणाऱ्या माणसासाठी त्यांनी एक नियमही घालून दिला होता. आळीतला एकजण पहिल्यांदा सुट्टीवर आला, एकटाच टॅक्सीत बसला आणि सामानासकट लुटला गेला. तेव्हापासून काकांचा हुकूम होता की आपलं माणूस न्यायला येईपर्यंत आखातातून आलेल्यानं जागचं हलायचं नाही. बाबा काकांहून बरेच लहान. काका म्हणाले म्हणजे झालं, असंच त्यांचं होतं. बाबा शेवटचे आले-गेले तेव्हाही आम्ही सांताक्रूझच्या त्याच कठड्याशी उभे होतो. त्यानंतर परदेशी विमानं सहारच्या नव्या विमानतळावर उतरू लागली. वटारमध्ये ही बातमी पोचली नव्हती असं नाही. पण काकांना कुणी विमानतळाविषयी काही सांगावं, अशी पद्धत नव्हती.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी दुपारी आई गेली. झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेली झावळी अजून दाराला खोचलेली होती, हिरवी होती. आई मोगऱ्याच्या ओळीत वाकलेली होती, छातीला हात लावून खाली बसली आणि कुशीवर पडली. मी शाळेतून आले तेव्हा तिला ओटीवर आणून ठेवलं होतं आणि काकी तिच्या पायांचा चिखल धूत होती. निर्मळहून डॉक्टर स्कूटरवर आले, नाडी धरली, चष्मा काढून पुसला. रडारड झाली. ती मी लिहीत नाही, कारण सगळ्या घरांत ती एकसारखीच असते. आमची घरातली बोलीही मी इथे लिहीत नाही. कागदावर ती मला परक्याची वाटते.

काका मला तार ऑफिसात बरोबर घेऊन गेले. मी दहावीत होते, इंग्रजी येत होतं, म्हणून. पण माझी गरज पडली नाही. तिथल्या कारकुनानं काकांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "कुठे? कुवेत की मस्कत?"

"बहरीन. भावाची बायको."

"गेली का?"

काकांनी मान हलवली. कारकून आधीच लिहायला लागला होता. "वाईफ सीरियस. स्टार्ट इमिजिएटली. आणखी काही?"

मी म्हटलं, "काका, आई सीरियस नाहीये. गेली."

"माहीत आहे मला."

"मग तसं लिहायला सांगा ना. बाबांना कळू दे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे, जणू दोघांनी मिळून मला समजून घ्यायचं होतं. कारकून म्हणाला, "बाळ, मेलं म्हणून कुणी लिहीत नसतं. इतक्या लांब एकटा माणूस. विमानात काही बरंवाईट झालं तर? सगळे सीरियसच लिहितात."

"मग सगळ्यांना कळतच असेल," मी म्हणाले.

"गप," काका म्हणाले आणि कारकुनाला सांगितलं, "पुढे लिहा. भाऊ न्यायला येतोय. विमानतळावर थांब."

यात तो कारकून खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे खरंच सगळे तसंच लिहायचे. आणि तसंच सगळीकडे लिहिलं जात असल्यामुळे त्या शब्दाचा अर्थ कुणालाच नीट लागत नसे. बहिणीच्या लग्नाला मालक सुट्टी देत नाही म्हणून आईला सीरियस केलेले मुलगे आमच्याच आळीत दोन होते. त्यांची आई मजेत पापड लाटत असायची. हे सगळं काकांना माहीत होतं. तरी दयाळूपणाची जी एक रीत पडून गेली होती ती मोडायची म्हणजे त्यांना अमानुष वाटलं असावं. लोकांच्या दयाळूपणाची मला तेव्हापासून जरा भीतीच वाटते.

बाबांची उलट तार मंगळवारी आली. बुधवारी सकाळच्या विमानानं निघून दुपारी मुंबईत. काकांनी ओटीवर सगळ्यांसमोर हिशेब मांडला. साडेतीन तास विमानाचे, तिकडच्या-इकडच्या घड्याळांतला फरक, सामान सुटेपर्यंतचा वेळ, धर्माचा टेम्पो. चार वाजायच्या आत बाबा घरी. पाच वाजता मिस्सा आणि दफन. कारण गुरुवारपासून तीन दिवस मयताची मिस्सा होत नाही. ते ख्रिस्ताच्या दुःखाचे दिवस, त्यात दुसऱ्या कुणाला जागा नाही. फादर घरी आले होते. त्यांनी काकांना स्पष्ट सांगितलं, "इनास, तुझ्या भावाला, पास्कूला, उशीर झाला तर थांबू या. गुरुवारी सकाळी मी प्रार्थना म्हणून दफन करीन, मिस्सा ईस्टरनंतर ठेवू. चालतं ते."

"आमच्या घरातलं माणूस मिस्साशिवाय मातीत जाणार नाही, फादर. मिस्सा नसते ती जीव देणाऱ्यांना. लोक काय म्हणतील, हिनं काय जीव दिला?"

"लोकांना मी सांगेन."

"तशी वेळच येणार नाही," काका म्हणाले. "साडेतीन तासांचा तर प्रश्न आहे."

आईला बर्फावर ठेवलं होतं. बर्फ राजोडीच्या होड्यांवरचा, मासळीसाठी आणलेला. धर्मा गोणपाटात, भुशात गुंडाळून लाद्या आणायचा, खांद्यावरून उतरवायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. लादी कितीही धुतली तरी बोंबलाचा वास जात नव्हता. काकी ऊद जाळत होती, मोगऱ्याच्या पाट्या त्या दिवशी दादरला गेल्याच नाहीत, त्या सगळ्या आईभोवती होत्या. तरी तो वास वर यायचाच. खाटेखालून पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत यायचं. मी आणि शेजारची मॅगीमावशी आळीपाळीनं फडक्यानं ते टिपून बादलीत पिळायचो. "पानी लय सुटलाय बाय," धर्मा मला हळूच म्हणाला, "उन्हाचा जोर हाय. बुधवार सांजपर्यंत कसंबसं." शेजाऱ्यांनी पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून ठेवली होती. मी दोन्ही दिवस व्यवस्थित जेवले. मॅगीमावशीनं नंतर ते सगळीकडे सांगितलं.

बुधवारी काका धर्माच्या टेम्पोनं लवकरच निघाले. या वेळी मागे सतरंजी नव्हती. मला यायचं होतं. "आईजवळ कोण बसेल?" असं म्हणून काकांनी टेम्पोचं दार लावून घेतलं. जाताना त्यांनी नवा सदरा घातला होता, हे मला आठवतं. विमानतळावर जाताना ते नेहमी तो घालायचे.

दोन वाजून गेले, मग तीन. बर्फ संपला. रोझरी म्हणणाऱ्या बायकांचे आवाज बसले होते. आईच्या चेहऱ्याचा रंग बदलत चालला होता आणि काकी दर थोड्या वेळानं त्यावरचा जाळीचा रुमाल नीट करायची, खरं तर झाकायची. मी ओटीच्या खांबाशी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. रोज बाबांच्या नावानं कुढणारी मी मुलगी नव्हते. पण त्या दुपारी मला एवढंच हवं होतं की त्यांनी तिचं तोंड बघावं. जाळीवरून नाही, नीट. तिच्यासाठी हवं होतं की त्यांच्यासाठी, ते ठाऊक नाही. एवढी एक गोष्ट रीतसर व्हावी, बस.

साडेचारच्या सुमाराला टेम्पो आला. पुढे धर्मा आणि काका. दोघंच.

"विमानातून उतरला नाही," काका ओटीवर न चढताच म्हणाले. "सोडलं नसेल कंपनीनं. चला, उचला आता. फादर खोळंबलेत."

"नक्की बघितलंत?" मी विचारलं.

"दिवसभर तिथे काय मी झोपा काढत होतो?"

धर्मा टेम्पोचं दार उघडं टाकून तिथेच उभा होता. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, काकांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो शवपेटी उचलायला पुढे झाला. देवळाची घंटा सुरू झाली. मयताची घंटा एक-एक ठोका सुटा देते. पुढचा ठोका येईपर्यंत माणूस पाय टाकायचा थांबतो, असं मला लहानपणी वाटायचं. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. मिस्सा झाली, संतांच्या नावांची लितानी झाली. पहिली मूठ माती नवऱ्यानं टाकायची. ती काकांनी टाकली.

आम्ही परत आलो. बायका हातपाय धुऊन ओटीवर टेकल्या होत्या आणि मुलांना चहा-पाव देत होत्या, तेवढ्यात आळीत काळी-पिवळी टॅक्सी शिरली. टपावर दोरीनं बांधलेलं मोठं खोकं. आमच्याकडे टॅक्सी यायची नाही, म्हणून मुलं मागे धावत होती. बाबा उतरले. त्यांनी अंगणातल्या खुर्च्या पाहिल्या, काळे कपडे पाहिले, तरी ते हसल्यासारखं करत माझ्याजवळ आले. मिठाईचा डबा त्यांच्या हातात होता.

"कुठल्या दवाखान्यात ठेवलंय तिला?" त्यांनी विचारलं.

एवढी माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली. मी म्हणाले, "पुरलं, बाबा. आत्ताच."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "आज गेली?"

"सोमवारी. दुपारी."

"तार आली तेव्हा..."

"तार केली तेव्हा ती इथेच ओटीवर होती."

ते खुर्चीवर बसले. डबा मांडीवर. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "दादा, तू कुठे होतास? मी तिथे उभा. तुझी तार होती, थांब म्हणून, म्हणून थांबलो. सामानासाठीही रांगेत उभा राहिलो. मिक्सर आणलाय तिला. बरी झाली की वाटण वाटायला नको म्हणून. मला माहीत असतं तर मी ते खोकं तिथेच टाकून पळत सुटलो असतो रे."

"मी सांताक्रूझला होतो," काका म्हणाले.

"विमान सहारला उतरतं आता."

"मला कोण सांगणार?"

तेव्हा धर्मा अंगणाच्या कडेवरून बोलला. "मी सांगत व्हतो काका, इचारा कुनाला तरी. तुम्ही म्हनलात, मला हितलं शिकवू नको. मग हवालदारानंच सांगितला तवा सहारला ग्येलो. तवर समदी मानसा निघून ग्येलेली."

"मी तेव्हा सांताक्रूझला गेलो होतो," बाबा म्हणाले. अगदी शांत आवाजात, शाळेतला मुलगा गणिताचं उत्तर सांगतो तसे. "मला वाटलं, दादा सवयीनं जुन्याच ठिकाणी गेला असेल. तिथे जाऊन परत थांबलो. तुझ्या त्या कठड्याशी."

मॅगीमावशीच्या नवऱ्यानं विचारलं, "किती लांब आहेत हो दोन्ही विमानतळं एकमेकांपासून?" तो वाईट माणूस नव्हता. शांतता सोसेना की काहीतरी विचारणारी माणसं असतात, तसा.

"जवळच," टॅक्सीवाला म्हणाला. तो पाणी प्यायला थांबला होता. "हे इथून तिथं."

काकांनी कपाळावर क्रूस काढला. "देवाची मर्जी, पास्कू."

"देवाचं नाव घेऊ नकोस," बाबा म्हणाले. "तार देवानं नाही लिहिली."

आयुष्यात थोरल्या भावाला त्यांनी उलट उत्तर दिलं ते एवढंच. अंधार पडायच्या आत ते कब्रस्तानात गेले, मी बरोबर गेले. ओल्या मातीवर मोगऱ्याच्या पाट्या उलट्या केल्या होत्या. बाबांनी मूठभर माती उचलली, पण ती टाकायला आता खड्डा नव्हता. ती त्यांनी परत खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

महिन्याची मिस्सा झाल्यावर ते परत बहरीनला गेले. कुणाला घेऊन जायचं नाही असं त्यांनी सांगितलं आणि सकाळी एकटेच निघाले. मिक्सर वर्षभर खोक्यात राहिला, मग काकीनं तो वापरायला काढला. माझी दहावी झाली, स्वयंपाक माझ्याकडे आला, फुलं माझ्याकडे आली. बाबा पुढे चार वर्षांतून एकदा यायचे, मग तेही कमी झालं. पैसे मात्र वेळेवर येत. लोक मला म्हणत, बघ, बापाचं किती लक्ष आहे.

कॉलेज करून मी विलेपार्ल्याला एका कार्यालयात नोकरीला लागले. एका बाजूला सांताक्रूझ, दुसऱ्या बाजूला सहार. पहिल्याच महिन्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षा केली. आधी सांताक्रूझच्या विमानतळाच्या दारापर्यंत, तिथून सहारच्या दारापर्यंत, आणि परत. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, काही हरवलंय का?" मी सांगितलं, अंतर बघायचं होतं. ऑफिसात परत आले तेव्हा डबा खायला आणि चहा प्यायला वेळ शिल्लक होता. त्या वेळात मी डबा खाल्ला आणि चहा प्यायले.

इनासकाका म्हातारे होऊन गेले. पहाटे, झोपेत. तोवर घरात फोन आला होता आणि विल्सन मस्कतला होता. काकी रडता रडता मला म्हणाली, "तूच बोल बाई त्याच्याशी. आणि एकदम सांगू नको हां. सीरियस आहेत म्हण. एकटा आहे तो तिकडे."

मी नंबर फिरवला. विल्सन झोपेतून उठला होता.

"विल्सन, तुझे वडील गेले. पहाटे. निघ."

तिकडे काहीतरी खाली पडलं. मग तो ओरडला, "अगं, असं कुणी सांगतं का? तोंडावर?"

"रड नंतर. आधी तिकीट बघ. दफन उद्या चारला. सहारला उतरशील. मी न्यायला येणार नाही, कुणीच येणार नाही. थांबू नकोस, दिसेल ती टॅक्सी धर. सामान आणू नकोस."

काकीनं माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

विल्सन दुसऱ्या दिवशी दुपारी एकला अंगणात उभा होता, हातात छोटी पिशवी. त्यानं बापाचं तोंड पाहिलं, कपाळावर हात ठेवला, पेटीला खांदा दिला, पहिली मूठ माती टाकली. सगळं रीतसर झालं. काकी त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आळीत अजूनही सांगतात की पास्कूची मुलगी दगड आहे, बाप मेल्याचं पोराला फोनवर धाडकन सांगितलं. विल्सन हे ऐकतो आणि उठून जातो. इनासकाकांच्या मुलाला जे मिळालं ते मी मिळवून दिलं, याचं मला समाधान आहे असं कुणी समजू नये. तो बापाला माती देत होता तेव्हा मी बघत होते, आणि मला दिसत होती ती मूठ त्याची नव्हती, बाबांची होती.